कॉलम ड्रायव्हरची चिप: आकडेमोडीपासून हातात येईपर्यंत

नोकरी सांभाळून, घरच्या लॅपटॉपवर मी डिस्प्ले पॅनेलच्या कॉलम ड्रायव्हरचं, म्हणजे पडद्याच्या उभ्या तारांना व्होल्टेज पुरवणाऱ्या चिपचं, एक सर्किट डिझाइन केलं, ते सिलिकॉनवर उतरवून घेतलं आणि त्याच्या पेटंटसाठी अर्जही केला. जुलै २०२३ मध्ये सुरुवात केली, मोजमापं संपली मार्च २०२५ मध्ये, आणि पेटंटची पत्रं अजून येतात. ज्यांना अ‍ॅनालॉग डिझाइन येतं पण "पुढे काय करायचं" इथे गाडी अडते, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. फी, परवानग्या आणि कस्टम्ससकट, कारण वेळ तिथेच जास्त गेला.

आधी प्रश्न काय होता ते सांगते. एलसीडी पॅनेलमध्ये आडव्या ओळी एकेक करून उघडतात. जी ओळ उघडी आहे तिच्या प्रत्येक पिक्सेलला हवं ते व्होल्टेज उभ्या तारांवरून, म्हणजे कॉलमवरून, पोचवायचं असतं. ४के पॅनेलमध्ये आडवे ३८४० पिक्सेल, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ११,५२० कॉलम. प्रत्येकाच्या तोंडाशी एक बफर, म्हणजे दिलेलं व्होल्टेज तारेवर जसंच्या तसं उभं करणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. ओळी २१६०. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका ओळीला मिळतात ७.७ मायक्रोसेकंद. १२० दाखवायची तर पूर्ण ३.९ सुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात व्होल्टेज नुसतं पोचून भागत नाही, ते अर्ध्या पायरीच्या आत स्थिरावलंही पाहिजे. ५ व्होल्टच्या पल्ल्यात ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या, बसवल्या की एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची होते.

वीज दोन ठिकाणी जाते. पहिलं म्हणजे बफर नुसता जागा राहायला जो करंट घेतो, तो ११,५२० ने गुणला जातो. एका बफरला १ मायक्रोअँपिअर वाढवून दिला की पॅनेलचा साडेअकरा मिलिअँपिअर वाढतो. दुसरं, तार भरण्या-उतरवण्यात जाणारी वीज. कॉलमची कपॅसिटी १०० पिकोफॅरड आणि झोका १० व्होल्टचा (मध्याच्या वर ५, खाली ५) धरा. प्रत्येक ओळीला उलटसुलट होणारं वाईटात वाईट चित्र असेल तर ६० हर्ट्झला एवढ्यातच साडेसात वॉटच्या आसपास जातात. शेजारच्या विरुद्ध ध्रुवतेच्या (एकाचं व्होल्टेज मध्याच्या वर, दुसऱ्याचं खाली) कॉलमना क्षणभर एकमेकांशी जोडून ही दुसरी बाजू जवळपास अर्ध्यावर आणता येते. ती युक्ती जुनी आणि सर्वज्ञात आहे. माझं लक्ष पहिल्या बाजूवर होतं.

वेग हवा तर बायस करंट, म्हणजे हाच जागं राहण्याचा करंट, वाढवा, हे पुस्तकी उत्तर. पण तो करंट बफर सगळा वेळ पितो आणि कामाला येतो फक्त मोठी उडी मारायची असते तेव्हा. घाटात गाडीला जादा बैल जुंपतात आणि सपाटी लागली की सोडतात, तसं इथे करता येईल का, हा माझा विचार. उडी मोठी आहे हे ओळखायला बहुतेक सर्किटं आउटपुटवर तुलनाकार, म्हणजे दोन व्होल्टेजं ताडून बघणारा भाग, लावतात. पण कॉलमला पुढे कोणतं व्होल्टेज लागणार हे डिजिटल बाजूला आधीच माहीत असतं. मागच्या ओळीचा आकडा आणि या ओळीचा आकडा, दोन्ही हाताशी असतात. त्यांच्यातला फरक ठराविक मर्यादेपलीकडे गेला तरच थोड्या वेळापुरता जादा करंट सोडायचा. चित्रातल्या लागोपाठच्या ओळी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, त्यामुळे हा जादा करंट बराच काळ बंदच राहतो.

जुलै ते ऑक्टोबर २०२३ हा काळ नुसता सिम्युलेशनचा. स्कायवॉटर या चिप कारखान्याच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेची (स्काय१३०) पीडीके, म्हणजे डिझाइनला लागणारे नियम आणि मॉडेलं, खुली आहे, कोणाशी करार करावा लागत नाही. स्कीमॅटिक एक्सस्कीममध्ये, सिम्युलेशन एनजीस्पाइसमध्ये, लेआउट मॅजिकमध्ये. सगळं फुकट. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरला. पाच कॉर्नर (ट्रान्झिस्टर वेगवान किंवा मंद निघण्याच्या टोकाच्या शक्यता), तीन तापमानं, तीन सप्लाय अशा ४५ जोडण्या रात्री लावून झोपायचं आणि सकाळी ऑफिसला निघण्याआधी आलेख बघायचे, अशी सवय लागली. विद्यार्थी असाल तर आणखी एक वाट आहे. सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात सहभागी कॉलेजांना सी-डॅकच्या चिपइन केंद्रामार्फत महागडी टूल्स वापरायला मिळतात आणि मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर चिप करून घेता येते. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे विभागप्रमुखांना नक्की विचारा. मी आता विद्यार्थिनी नाही, त्यामुळे ती वाट मला नव्हती.

एक गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण नव्याने या विषयात येणारा प्रत्येक जण तिथे अडखळतो. या बफरचा लोड हाच त्याच्या स्थैर्याचा आधार असतो. आत मोठा कॉम्पेन्सेशन (स्थैर्य आणणारा) कपॅसिटर बसवला तर जागा आणि वेग दोन्ही जातात, म्हणून आउटपुटवरचा पोलच (बफरचा वेग आवरणारा मुख्य बिंदू) मुख्य ठेवतात. आणि तारेचा रोध मध्ये असल्याने एक झीरो (पोलचा परिणाम भरून काढणारा बिंदू) मिळतो, तोही मदतीला येतो. पण लोड काढला की हाच बफर थरथरायला लागतो. म्हणून सिम्युलेशन पूर्ण लोडवर, निम्म्या लोडवर आणि नुसत्या पिनेवर, असं तिन्ही ठिकाणी करा. मी लोड धरला होता १० किलोओहम आणि ५० पिकोफॅरड, पाच समान टप्प्यांत वाटलेला. अशी वाटलेली तार एकगठ्ठा आरसीपेक्षा (एकच रोध, एकच कपॅसिटर) बरीच लवकर भरते. तिचा मुख्य टाइम कॉन्स्टंट आरसीच्या ०.४ पट, म्हणजे इथे ०.२ मायक्रोसेकंद. हे लक्षात घेतलं नाही तर आपण बफरला उगीच जादा करंट देत बसतो.

नोव्हेंबरमध्ये कागदपत्रं सुरू झाली. मी ज्या कंपनीत फर्मवेअर लिहिते तिचा डिस्प्लेशी संबंध नाही, तरी नेमणूकपत्रात बौद्धिक संपदेचं कलम होतंच. बहुतेकांच्या पत्रात असतं. आपलं पत्र काढून ते कलम एकदा शांतपणे वाचा. मी एचआरला लेखी विचारलं: काम ऑफिसच्या वेळेबाहेरचं आहे, कंपनीचं कोणतंही साधन वापरलेलं नाही, विषय कंपनीच्या व्यवसायातला नाही, तर ना हरकत पत्र मिळेल का? ते कायदा विभागाकडे गेलं, तिथून माझ्या मॅनेजरकडे, मॅनेजरकडून परत कायदा विभागाकडे. जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. त्या काळात रात्री लेआउट करत बसायचं आणि हे आपलं ठरेल की नाही ते माहीत नाही, हा ताण मला सगळ्यात जड गेला. म्हणून सांगते, हे पत्र पहिल्या महिन्यातच मागा.

चिप करून घेण्यासाठी मी टायनी टेपआउट निवडलं. तिथे एकाच चिपवर अनेकांच्या रचना शेजारी शेजारी बसतात आणि खर्च वाटला जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये बंद होणाऱ्या शटलमध्ये, म्हणजे अशा एकत्रित खेपेत, अ‍ॅनालॉग रचना घेणार असं कळलं आणि तारीख ठरली. दोन बंधनं आधीच माहीत हवीत. सप्लाय १.८ व्होल्ट, म्हणजे खऱ्या पॅनेलची व्होल्टेजं नाहीत. तत्त्व सिद्ध करता येतं, पॅनेल चालवता येत नाही. मी १.२ व्होल्टचा पल्ला आणि ६ बिट धरले. एक पायरी १८.७५ मिलिव्होल्ट, म्हणजे खऱ्या पॅनेलच्या पायरीच्या जवळपास. दुसरं, लेआउटमध्ये सगळ्यात वरचा पाचवा धातूचा थर आपल्याला वापरता येत नाही, तो सामाईक वीजवाहिन्यांसाठी राखीव असतो.

एकाच बफरचा काही मायक्रोअँपिअरचा करंट सामाईक चिपवर बाहेरून मोजणं कठीण. म्हणून मी बफरच्या सोळा प्रती बसवल्या. सगळ्या एकदम चालू-बंद केल्या की फरक मोजण्याजोगा होतो. शिवाय चार डिजिटल पिनांनी त्यातला हवा तो आउटपुटला जोडता येतो आणि सोळा बफरचे ऑफसेट, म्हणजे मागितलेल्या आणि मिळालेल्या व्होल्टेजमधले फरक, एकमेकांशी ताडून बघता येतात. हे महत्त्वाचं आहे. शेजारच्या दोन कॉलमचे ऑफसेट वेगळे असले की सपाट राखाडी चित्रावर उभ्या रेघा दिसतात, आणि उभी रेघ डोळा फार चटकन पकडतो. उपाय म्हणून प्रत्येक चित्राला डिफरन्शियल जोडीची, म्हणजे बफरच्या तोंडाशी असलेल्या दोन जुळ्या ट्रान्झिस्टरांची, दोन इनपुटं आपसांत बदलायची. मग ऑफसेट एकदा अधिक, एकदा उणे होतो आणि डोळ्याला सरासरी दिसते. लेआउटमध्ये ही जोडी मी एकमेकांत गुंफून, मध्यबिंदू एक ठेवून काढली आणि दोन्ही कडांना डमी (काम न करणारे, फक्त कडा सारख्या राखणारे) ट्रान्झिस्टर ठेवले. जागा जाते, पण इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

या शटलला रचनेच्या फाइल्स सार्वजनिक ठेवाव्या लागतात. आणि आपल्याकडे पेटंटच्या अर्जाआधी गोष्ट जगजाहीर झाली की नावीन्य गेलं. मोजके अपवाद आहेत, पण स्वतःच इंटरनेटवर टाकलेलं त्यात बसत नाही. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज, मग फाइल्स, हा क्रम पक्का ठेवला.

अर्ज मी स्वतःच केला, ऑनलाइन. त्यासाठी क्लास ३ डिजिटल सही लागते. यूएसबी टोकनसह दोन हजारांच्या आसपास खर्च आला, आणि कॅमेऱ्यासमोर पॅन कार्ड धरून व्हिडिओ पडताळणी झाली. फॉर्म १ आणि फॉर्म २ भरले. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर ऑनलाइन फी १६०० रुपये. तात्पुरत्या तपशिलात दावे (नेमकं कशावर हक्क मागतो ती वाक्यं) लिहावे लागत नाहीत, पण जे पुढे दाव्यात यायचं आहे ते सगळं त्यात असलं पाहिजे, म्हणून आकृत्या आणि टायमिंगचे आलेख भरपूर द्या. एकूण पानं तिसाच्या वर गेली तर प्रत्येक पानाला १६० रुपये जादा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, ते अँटॉप हिलला आहे. मला तिथे जावंच लागलं नाही. मार्च २०२४ मध्ये अर्ज क्रमांक हातात आला. लेआउटची वेगळी नोंदणीही करता येते, २००० च्या कायद्यानुसार १० वर्षांचं संरक्षण मिळतं. पण माझा लेआउट खुलाच राहणार होता, म्हणून तिकडे वळले नाही.

एप्रिलमध्ये डीआरसी (लेआउट कारखान्याच्या नियमांत बसतो का) आणि एलव्हीएस (लेआउट स्कीमॅटिकशी जुळतो का) या तपासण्या स्वच्छ करून रचना पाठवली. लेआउटमधल्या तारांची नको असलेली (परजीवी) कपॅसिटी मोजून, ती धरून परत सिम्युलेशन केल्यावर सेटलिंग, म्हणजे स्थिरावण्याचा वेळ, १.६ वरून १.९ मायक्रोसेकंदांवर गेलं. तेवढं अपेक्षित होतं. पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून ठेवा, नाहीतर व्यवहार अडतो. जागा, अ‍ॅनालॉग पिना, चिप बसवलेला बोर्ड, पाठवणी, बँकेची परकीय चलनावरची आकारणी आणि तिच्यावरचा जीएसटी धरून ३५ हजारांच्या आसपास गेले. दर शटलगणिक बदलतात, तेव्हा माझा आकडा धरून बसू नका.

मग वाट पाहणं. मे ते डिसेंबर. या काळात मी टेस्टिंगचा कार्यक्रम लिहून ठेवला, आणि ते फार उपयोगी पडलं. कोणती मापं, कोणत्या क्रमाने, कोणतं उपकरण, किती आलं तर ठीक म्हणायचं, सगळं वहीत.

जानेवारी २०२५ मध्ये पार्सल भारतात आलं आणि कस्टम्समध्ये थांबलं. कुरिअर कंपनीने आधी केवायसी मागितलं, आधार आणि पॅन पाठवलं. मग प्रश्न आला की वस्तू नेमकी काय आहे. सुटी इंटिग्रेटेड सर्किटं कस्टम्सच्या यादीत ८५४२ या शीर्षकात येतात, पण चिप बोर्डावर बसवलेली असली की वर्गीकरणाचा प्रश्न उभा राहतो. मी एक पानाचं वर्णन, बोर्डाचा फोटो, पैसे भरल्याची पावती आणि "विक्रीसाठी नाही, चाचणीसाठी" असं सही केलेलं पत्र पाठवलं. दहा-बारा दिवस गेले. करापोटी आणि कुरिअरच्या हाताळणीपोटी मिळून काही हजार भरले आणि पार्सल घरी आलं. ही चार कागदपत्रं आधीच पीडीएफ करून ठेवलीत तर बराच वेळ वाचेल.

मोजमापांसाठी माझ्या जुन्या कॉलेजची लॅब मिळाली. सरांनी लगेच हो म्हटलं, पण माजी विद्यार्थिनीला उपकरणं वापरू देण्यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, आणि माझा बोर्ड आत-बाहेर न्यायला गेटपास, असं सगळं रीतसर करावं लागलं. लॅब असिस्टंट काकांनी पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं, "ताई, स्कोप (ऑसिलोस्कोप) चारपर्यंत तुमचा. चारनंतर पोरांचं प्रॅक्टिकल लावायचंय मला." दुसऱ्या शनिवारी मात्र त्यांनीच आतल्या कपाटातून चांगले प्रोब काढून दिले.

पाच टप्प्यांच्या शिडीसारखा हा लोड मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांनी बांधला. २ किलोओहमचे एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर आणि १० पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर. ब्रेडबोर्ड वापरायचा नाही. त्याच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड असतात आणि आपलं सगळं गणित दहाच्या घरातलं आहे. झिरो पीसीबीवर पाय आखूड कापून सोल्डर करा. प्रोब १०एक्सवरच (सिग्नल दहापट लहान करून दाखवणाऱ्या खाचेवर) ठेवा. १एक्सवर तोच प्रोब शंभरच्या आसपास पिकोफॅरड लादतो आणि मग आपण लोड मोजत नाही, प्रोब मोजतो. १०एक्सवरही दहा-बारा पिकोफॅरड उरतातच. म्हणून शिडीच्या शेवटच्या टप्प्याचा कपॅसिटर मी लावलाच नाही. तिथे प्रोब टेकवला की तोच पाचवा कपॅसिटर होतो. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाशी आखूड तार गुंडाळली, तेव्हा कुठे कडेवरची खोटी थरथर गेली.

आकडे असे आले. जवळपास पूर्ण पल्ल्याच्या उडीला अर्ध्या पायरीच्या आत स्थिरावायला २.२ मायक्रोसेकंद, सिम्युलेशनमध्ये १.९ होते. जादा करंट बंद ठेवला की तीच उडी पाच मायक्रोसेकंदांच्या पुढे जाते. लहान उडीला दोन्हीत फरक नाही, आणि तेच हवं होतं. सोळा बफरचा जागता करंट ५४ मायक्रोअँपिअर, म्हणजे एकाचा ३.४. सिम्युलेशनमध्ये ३ होता. ऑफसेट उणे ६ ते अधिक ७ मिलिव्होल्टमध्ये पसरलेले होते. इनपुटं बदलून सरासरी घेतल्यावर सगळे १ मिलिव्होल्टच्या आत आले. हे सगळं १.८ व्होल्टवरचं आहे. खऱ्या पॅनेलच्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर मोठे होतील, कपॅसिटी वाढेल आणि हे आकडे बदलतील. तुलना करताना ते सोडून देऊ नका.

मार्च २०२५ मध्ये बारा महिन्यांच्या मुदतीच्या आत पूर्ण तपशील दाखल केला, या मोजमापांसह. सोबत फॉर्म ५ लागतो. पूर्ण तपशिलाची वेगळी मूळ फी नाही, पण दावे दहाच्या वर गेले तर प्रत्येकी ३२० रुपये, म्हणून मी नऊवर थांबले. अर्जदारांत स्त्री असेल आणि सगळे अर्जदार व्यक्तीच असतील, तर फॉर्म १८ए भरून जलद तपासणी मागता येते, फी ८००० रुपये. लवकर प्रकाशनासाठी फॉर्म ९, फी २५००. ही सवलत फार बायकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये पहिला तपासणी अहवाल आला. दोन आधीची पेटंटं दाखवून "यात कल्पकतेची पायरी दिसत नाही" असा आक्षेप, आणि निवड डिजिटल आकड्यांवर होत असल्याने पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खाली (नुसत्या अल्गोरिदमला पेटंट नाही) "हा नुसता अल्गोरिदम" असाही. उत्तराला सहा महिने असतात. वाचून पहिले दोन दिवस हात गळाले होते. मग दोन्ही पेटंटं ओळ न ओळ वाचली. एकात तुलनाकार आउटपुटवर होता, दुसऱ्यात जादा करंटचा कालावधी ठराविक होता. माझ्याकडे कालावधी उडीच्या आकारावर ठरतो आणि त्याच संकेताने इनपुटं बदलण्याची वेळही ठरते. पहिला दावा तेवढ्यापुरता आवळला, प्रत्येक पायरी कोणत्या ट्रान्झिस्टरवर काय करते ते त्यात लिहिलं, आणि नोव्हेंबरमध्ये उत्तर पाठवलं. शोध घ्यायचा असेल तर जी०९जी ३/३६८८ हा वर्ग धरून घ्या. अ‍ॅक्टिव्ह मॅट्रिक्सच्या कॉलम ड्रायव्हरची पेटंटं तिथे सापडतात. मी ते नीट केलं तपासणी अहवालानंतर. तुम्ही अर्जाआधी केलंत तर दावे पहिल्यापासूनच नेमके लिहिता येतील.

सुनावणी व्हिडिओवर होते आणि त्यानंतर लेखी म्हणणं मांडायला पंधरा दिवस मिळतात. सुनावणीच्या नोटिशीची वाट बघते आहे. दरम्यान पुढच्या आवृत्तीचं काम सुरू केलं आहे, स्काय१३० मधल्या ५ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरवर. त्यांची किमान लांबीच अर्धा मायक्रॉन आहे, त्यामुळे सोळा प्रती त्याच जागेत बसणार नाहीत. सध्या आठ बसवून बघते आहे.